मॅडम, बाटलीवर शंभर लिहिलंय

‘रुग्णालयातल्या बहुतेक चुका हलगर्जीपणामुळे होतात.’ प्रश्नावलीत असं एक विधान असतं आणि त्यापुढे पाच चौकोन, ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत. एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली प्रबंधासाठी अशा प्रश्नावल्या घेऊन आमच्या वर्गात येतात. रुग्ण सुरक्षिततेबद्दल विद्यार्थिनींना काय माहीत आहे आणि त्यांना काय वाटतं, हा विषय अलीकडे बरेच जण घेतात. मुली खाली मान घालून भराभर खुणा करतात, आणि या एका विधानापुढे आमच्या वर्गात जवळपास सगळ्यांची खूण पहिल्या चौकोनात पडते.

वरवर पाहिलं तर शाबासकी द्यावी असं उत्तर आहे. मुलींना जबाबदारीची जाणीव आहे, कामात ढिलाई चालणार नाही हे त्यांना पटलेलं आहे. मी मराठवाड्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, आणि मला या उत्तराची काळजी वाटते. चूक म्हणजे हलगर्जीपणा असं जी मुलगी मनापासून मानते, तिच्या हातून उद्या काही घडलं तर ती ते सांगेल कशी? सांगायचं म्हणजे ‘मी हलगर्जी आहे’ असं चारचौघांत कबूल करायचं. ती गप्प बसेल. मग जे तिच्या बाबतीत घडलं तेच पुढच्या पाळीतल्या मुलीच्या बाबतीत घडायला मोकळं राहील.

आमच्याकडे येणाऱ्या मुली मुखेड, कंधार, पाटोदा, गेवराई, सेनगाव, अहमदपूर अशा तालुक्यांतल्या. बऱ्याच जणींचे आईवडील शेतात राबणारे, काहींचे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जाणारे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेची तीन वर्षं किंवा बी.एस्सी.ची चार. घरातली पगाराची पहिली नोकरी आपली असणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आणि धाकट्या भावंडांचं शिक्षण त्यावर अवलंबून आहे हेही. अशा मुलीच्या नावापुढे एखादी चूक लिहिली जाणं म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय तिच्या ‘दृष्टिकोना’बद्दल बोलू नये असं मला वाटतं.

माहितीच्या बाबतीत त्या अजिबात कमी नाहीत. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखवतील. पिवळी, लाल, पांढरी, निळी, कुठल्या कचऱ्याला कुठली पिशवी आणि कुठला डबा, हे २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांसकट पाठ असतं. २०२१-२२पासूनच्या बी.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्राला सूक्ष्मजीवशास्त्राच्या जोडीनं संसर्ग नियंत्रण आणि सुरक्षितता हा भाग रीतसर आला आहे. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षितता दिन २०१९पासून साजरा होतो, त्या दिवशी आमच्या पोर्चमध्ये पोस्टर लागतात, रांगोळी निघते, आणि रांगोळीतली सिरिंज खरोखर सुंदर असते.

आकडेही शिकवले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेणाऱ्या दर १० रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारातूनच काही ना काही अपाय होतो. असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून जास्त माणसं जातात, आणि निम्म्याहून अधिक अपाय टाळता येण्याजोगे असतात. १९९९ साली अमेरिकेतल्या एका समितीनं तिथल्या रुग्णालयांत चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होत असावेत असं मांडलं, तेव्हापासून या विषयाकडे जगाचं लक्ष वळलं. मुली हे सगळं वहीत उतरवून घेतात. पण ते आकडे त्यांना परक्या देशाचे वाटतात. आपण काल ज्या वॉर्डात होतो तिथल्या दहांपैकी एक, असं त्यांच्या मनात येत नाही, कारण त्या वॉर्डात असं काही घडल्याची नोंदच कुठे नसते.

ओळख पटवण्याचा धडा घेऊ. पुस्तक सांगतं की औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या किमान दोन खुणा जुळवा, पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. आता डेंग्यूच्या दिवसांतला सरकारी रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मध्ये खाली गादी टाकून आणखी एक पेशंट. त्याचं नाव ‘बारा नंबरच्या खालचा’. संध्याकाळच्या राउंडनंतर कुणाला सुट्टी होते, खालचा वर जातो, दारातला आत येतो, आणि केसपेपर मात्र जुन्याच नंबरानं लावलेले राहतात. किनवट, माहूर, जिंतूरकडच्या तांड्यांवरून माणसं आलेली असली की वॉर्डात एकाच वेळी तीन राठोड आणि दोन चव्हाण असतात, आणि त्या राठोडांतल्या दोघींची नावं शांताबाई.

जन्मतारखेचा उपयोग होत नाही. म्हाताऱ्या माणसांना वय विचारलं तर ‘असंल साठ-सत्तर’ म्हणतात, आणि जे शाळेत गेले त्यांच्यातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी लावलेली १ जून. बायांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. पूर्ण नाव सांगा म्हटलं की ती शेजारी बसलेल्या लेकराकडे बघते. आणि तुम्ही ‘शांताबाई मारुती राठोड ना?’ असं विचारलं, तर पांढरा कोट घातलेल्या पोरीला नाही कशाला म्हणायचं, म्हणून ‘हाव’ म्हणून मोकळी होते. कानानं कमी ऐकू येत असेल तर काहीही विचारा, उत्तर ‘हाव’च येणार.

म्हणून मी मुलींना सांगते की नाव आपण उच्चारायचं नाही, त्यांच्याकडून येऊ द्यायचं. ‘आजी, तुमचं नाव काय? कोणत्या गावच्या?’ तांड्याचं किंवा गावाचं नाव माणूस कधी चुकत नाही. ते, स्वतःचं नाव आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक, असं तीनही जुळलं की मग औषध. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, आमच्याच एका पहिल्या वर्षाच्या मुलीनं वॉर्डात करून दाखवलं. ती स्वतः तांड्यावरची. तिला ठाऊक होतं की दोन शांताबाईंना वेगळं काढायचं तर तांडाच विचारावा लागतो.

आता शीर्षकातल्या बाटलीबद्दल. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे दोन शक्तींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली, आणि १०० युनिट असलेली. सिरिंजही दोन. लाल टोपीची ४०साठी, नारिंगी टोपीची १००साठी. सरकारी पुरवठ्यात बहुतेक वेळा ४०ची कुपी येते, त्यामुळे वॉर्डाच्या ट्रेमध्ये लाल टोपीच्याच सिरिंज असतात. साठा संपला की नातेवाइकाला चिठ्ठी दिली जाते आणि तो बाहेरच्या मेडिकलमधून मिळेल ती घेऊन येतो. कधी १००ची कुपी, कधी पेनमध्ये घालायची कार्ट्रिज, तीही १००चीच. आता हिशेब करा. डॉक्टरांनी २० युनिट लिहिलेत. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलं तर अर्धा मिलिलिटर होतो. कुपी ४०ची असेल तर ते बरोबर २० युनिट. कुपी १००ची असेल तर त्याच अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट गेले. अडीच पट. रात्री जेवण नीट न झालेल्या म्हाताऱ्या माणसाची साखर इतकी खाली जाऊ शकते की सकाळी तो उठणार नाही, आणि वॉर्डात सगळे म्हणतील, झोपलाय.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सकाळच्या पाळीत सिस्टरांसोबत इन्सुलिन देत होती. सिस्टरांनी सिरिंज भरली. मुलीनं कुपीकडे पाहिलं, आणि तिच्या म्हणण्यानुसार ती ‘थोडा वेळ’ गप्प उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, बाटलीवर शंभर लिहिलंय.” सिस्टर वैतागल्या, कारण मागे रांग होती, राउंड यायचा होता, एका पेशंटची सलाईन संपून नळीत रक्त चढलं होतं. “तुला लई कळायला लागलं का?” असं काहीसं त्या बोलल्या. पण त्यांनी कुपी पाहिली. सिरिंज बाजूला ठेवली. नातेवाइकाला दुसरी सिरिंज आणायला पाठवलं, आणि काम पुढे सुरू झालं.

कुणाचंच काही बिघडलं नाही. त्या सिस्टर चांगल्या आहेत, मी त्यांना ओळखते. चिडूनसुद्धा त्यांनी कुपी पाहिली, हे मी फार मोठं मानते. मला बोचलं ते नंतरचं. ही गोष्ट कुठेही लिहिली गेली नाही. दुपारच्या पाळीला काम सोपवताना दिलेल्या माहितीत, म्हणजे ओव्हरमध्ये, तिचा उल्लेख नव्हता. मेडिकलवाल्याला कुणी काही बोललं नाही, चिठ्ठीवर शक्ती लिहावी असं कुणी ठरवलं नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसरा नातेवाईक तीच कुपी आणायला मोकळा होता, आणि त्या वेळी शेजारी उभी असलेली मुलगी बोलेलच असं नव्हतं. मी तिला संध्याकाळी विचारलं, तो थोडा वेळ तू काय विचार करत होतीस? ती म्हणाली, “मॅडम, मला वाटलं माझंच चुकतंय. त्यांना माहीत नसंल का?”

तिला सगळं माहीत होतं. लाल टोपी, नारिंगी टोपी, अडीच पट, सगळं. प्रश्नावलीत ज्ञानाच्या रकान्यात तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. अडलं ते ज्ञानाच्या आणि तोंडाच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेसाठी आमच्या अभ्यासक्रमात तास नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी चुकांकडे पाहण्याच्या दोन पद्धती सांगितल्या. एकीत माणसाकडे बोट दाखवायचं, तो विसरला, तो निष्काळजी, त्याला धडा शिकवा. दुसरीत असं धरून चालायचं की माणूस चुकणारच, तेव्हा तो ज्या परिस्थितीत काम करतो ती अशी घडवा की चूक रुग्णापर्यंत पोचण्याआधी कुठेतरी अडेल. आमच्या मुलींना पहिली पद्धत घरून, शाळेतून आणि वॉर्डातून येते. दुसरी फक्त पुस्तकातून. पण ज्या मुलीला ती एकदा उमगते तिचं वॉर्डाकडे बघणंच बदलतं.

प्रसूतिगृहात याचं एक उदाहरण पाहायला मिळालं. बाळ बाहेर आलं की आईला गरज लागली तर रक्तस्राव थांबवणारं मेथर्जिन, आणि बाळाला व्हिटॅमिन के. दोन्हींच्या अ‍ॅम्प्युल लहान, दोन्ही तपकिरी काचेच्या, कारण दोन्ही औषधांना उजेड सोसत नाही. एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. मेथर्जिन चुकून बाळाला गेलं तर बाळाचा श्वास थांबू शकतो, झटके येऊ शकतात. जगात कितीतरी ठिकाणी अशा घटना घडून गेल्या आहेत. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना हे वर्गात सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं की मग दोन्ही एका ट्रेत ठेवायच्याच कशाला? पुढच्या पोस्टिंगला तिनं इन्चार्ज सिस्टरांना विचारून बाळाची इंजेक्शनं वेगळ्या छोट्या किडनी ट्रेत काढली, आणि तो ट्रे बाळाच्या वॉर्मरपाशी नेऊन ठेवला. एवढंच केलं. ‘नीट बघत जा’ असं कुणाला सांगावं लागलं नाही. माझ्या मते त्या पोस्टिंगमध्ये याहून मोलाचं काम कुणी केलं नाही. पण तिच्या लॉगबुकमध्ये ते लिहायला रकाना नव्हता. तिथे किती प्रसूती पाहिल्या आणि किती केल्या, एवढंच मोजतात.

आता वॉर्डाकडून मुली काय शिकतात ते सांगते, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास नोंदवायच्या तक्त्यावर, श्वासाचा आकडा पाहा. एका बाजूच्या सगळ्या रुग्णांचा श्वास मिनिटाला २०. पलीकडच्या बाजूला २२. न्यूमोनियाचा म्हातारा २०, पोटाच्या ऑपरेशनसाठी वाट बघणारा तरुण २०. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहावं लागतं. चाळीस पेशंट म्हणजे नुसत्या श्वासाची चाळीस मिनिटं, मग नाडी, बीपी, ताप. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकाऊ रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका आणि इतर रुग्णालयांत ५ मागे १ असा आहे. रात्री एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते, हे मराठवाड्यातल्या कुणाही नातेवाइकानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अशा वेळी विद्यार्थिनी म्हणजे जादा हात. तिला सांगितलं जातं, चार्ट भरून टाक. ती भरून टाकते.

पहिल्या आठवड्यात हात अडखळतो, महिन्याभरात अडखळायचा थांबतो. रुग्ण बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यांत आधी श्वास वाढतो, बीपी नंतर पडतं. म्हणजे जो आकडा सर्वांत आधी धोका सांगतो, तोच आपण अंदाजानं लिहितो. यावर माझं मत ठाम आहे, आणि ते सगळ्या सहकाऱ्यांना पटत नाही. मी मुलींना सांगते की चाळीस जणांचा मोजता येत नसेल तर सिस्टरांना विचारून जे दहा सर्वांत जास्त आजारी आहेत त्यांचा खरा मोजा, आणि बाकीच्यांची जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा बघून डॉक्टर विचारतील, रागावतील, कुणीतरी येऊन मोजेल. २० लिहिलेलं असेल तर कुणीही विचारणार नाही. चार्ट अपुरा राहिला म्हणून मुलगी बोलणी खाऊन आली तर ती बोलणी मी माझ्यावर घेते, तो माझा निर्णय आहे असं वॉर्डात जाऊन सांगते.

हात धुण्याबद्दल थोडं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा आत्ताच्या या मुली शाळेत होत्या, त्यांतल्या काहींनी टँकरमागे घागरी घेऊन धावाधाव केलेली आहे. साबणानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ नळ वाहता ठेवायला या मुलींचा जीव धजत नाही. त्याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. अल्कोहोलचं हँडरब २० ते ३० सेकंदांत काम करतं, त्याला पाणी लागत नाही, हात दिसायला घाण नसतील तेव्हा ते पुरतं. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या वॉर्डात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी त्याची बाटली असणं ही चैन नाही. ती बाटली नसेल तर हात कधी स्वच्छ करायचे त्या पाच वेळांवर मी कितीही तास घेतले तरी उपयोग होणार नाही, हे आमच्या व्यवस्थापनाला मी अनेकदा सांगितलं आहे.

सुई टोचण्याची गोष्ट मात्र लपवाछपवीची आहे, तिथे थांबावं लागेल. रुग्णाला वापरलेली सुई विद्यार्थिनीच्या बोटात घुसते. तिला शिकवलेलं असतं की बोट दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं, लगेच सांगायचं, एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं शक्य तर २ तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. टोचलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन इतकी असते, हिपॅटायटिस बी मात्र लस घेतलेली नसेल तर शंभरात तीसपर्यंत. हे सगळं माहीत असून मुलगी बोटाला कापूस लावून काम करत राहते. का? “घरी कळलं तर लग्नाचं अवघड होईल.” “सिस्टर म्हणतील, सुईचं टोपण कशाला लावत होतीस.” दुसरं कारण पहिल्याहून जास्त वेळा ऐकू येतं. जी मुलगी स्वतःच्या जिवाचं सांगू शकत नाही, तिच्याकडून रुग्णाच्या बाबतीतलं सांगण्याची अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची? २०२०च्या रुग्ण सुरक्षितता दिनाचा विषयच आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हा होता. मला तो सर्वांत नेमका वाटतो.

ही भीती निराधार आहे असं म्हणणं खोटं ठरेल. २०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा, अपुरं मनुष्यबळ, शेवटच्या क्षणी बाहेरून पाठवलेले रुग्ण, अशी अनेक कारणं तेव्हा चर्चेत आली. पण मुलींच्या मोबाइलवर फिरला तो एकच व्हिडिओ, लोकप्रतिनिधींनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावल्याचा. अधिष्ठात्यांची ही गत, मग आपलं काय, असं एकीनं वर्गात सरळ विचारलं. त्या सगळ्या घरांतलं दुःख खरं होतं, संतापही खरा होता. पण त्या व्हिडिओनं मराठवाड्यातल्या सगळ्या नर्सिंगच्या मुलींना काय शिकवलं असेल, याचा मला फार त्रास झाला.

कायद्याचंही तसंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणानं मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उपचार करताना असं घडलं तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ही मर्यादा दोन वर्षांची ठेवली आहे. पण त्या कलमातली व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालची पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीतलं नाव मागते. परिचारिकेचं नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असतं. म्हणजे डॉक्टरांना दिलेली ही सूट तिच्यापर्यंत पोचत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१७ साली एका परिचारिकेनं शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं औषध दिलं, रुग्ण बाई दगावली. परिचारिकेनं चूक स्वतःहून सांगितली होती. २०२२ साली तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं. तुरुंगवास झाला नाही, पण जगभरच्या परिचारिकांपर्यंत जो संदेश जायचा तो गेला.

मी हे सगळं वर्गात सांगते, झाकून ठेवत नाही. पण रुग्णापर्यंत न पोचलेली चूक, वेळेत हात थांबला ती गोष्ट, हिच्याबद्दल कुठलंही न्यायालय कुणाला बोलावत नाही. निदान तिची तरी नोंद व्हावी, इतकंच मागणं आहे. म्हणून आमच्या वर्गात एक वही ठेवली आहे. पोस्टिंग संपलं की त्यात लिहायचं, काय घडता घडता राहिलं. लिहिणारीचं नाव नाही, सिस्टरांचं नाव नाही, रुग्णाचं नाही, वॉर्डाचाही फक्त प्रकार. सुरुवातीला पानं कोरी राहिली. मग एकीनं लिहिलं की खाटेचा कठडा तुटलेला होता आणि आजोबा रात्री खाली घसरले, तिनं धरले. दुसरीनं लिहिलं, ‘उपाशीपोटी’ सांगितलं तर बाईंनी फक्त भाकरी खाल्ली नाही, चहा-बिस्किट घेतलं, भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं. एका मुलीनं अ‍ॅट्रोपिन आणि अ‍ॅड्रेनलिनच्या अ‍ॅम्प्युल एकाच खणात सापडल्याचं, म्हणजे घाईत एकीऐवजी दुसरी हाती येऊ शकते असं, लिहून खाली खणाचं चित्र काढलं, कुठली कुठे हवी ते दाखवत.

बोलण्याचाही सराव करून घेतो. परदेशी पुस्तकांत विद्यार्थ्यानं वरिष्ठाला थेट ‘मला काळजी वाटते, थांबा’ म्हणायचं असं दिलेलं असतं. आमच्या मुखेडच्या मुलीच्या तोंडून वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरांपुढे ते वाक्य निघणार नाही, आणि निघालं तर सिस्टरांना उद्धट वाटेल. मुलींनीच मार्ग काढला. “मॅडम, मला शिकायचंय, एकदा लेबल वाचून दाखवता का?” हे म्हणता येतं. सिस्टर लेबल वाचतात, आणि वाचताना त्यांच्याच लक्षात येतं. विद्यार्थिनी असण्याचा हा उपयोग मला फार आवडला. पण सुई शिरेत जायच्या बेतात असेल, हातात पोटॅशियम क्लोराइडची (थेट शिरेत गेलं तर हृदय थांबवू शकणारं औषध) न पातळ केलेली अ‍ॅम्प्युल असेल, तर शिकायचंय म्हणायला वेळ नसतो. तिथे “मॅडम, थांबा,” एवढंच, मोठ्यानं. हे दोन शब्द आम्ही वर्गात ओरडून म्हणतो. पहिल्यांदा सगळ्या हसतात, काहींचा आवाजच फुटत नाही. मग फुटतो. वॉर्डातल्या काही इन्चार्ज सिस्टरांनाही मी हे सांगून ठेवलं आहे, की मुलगी थांबा म्हणाली तर आधी हात थांबवा, रागवायचं ते नंतर रागवा. दोघी-तिघींनी मनापासून मान्य केलं. एक म्हणाल्या, “आमच्या वेळी आम्हाला कुणी असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं.”

सध्या माझं भांडण क्लिनिकल मूल्यमापनाच्या गुणांवरून चाललं आहे. आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात गणवेशाला गुण आहेत, वेळेवर येण्याला आहेत, केअर प्लॅनला आहेत. घडता घडता राहिलेली एक गोष्ट ओळखून सांगितली, तर तिला गुण का नसावेत? गणवेशाच्या गुणांतून पाच इकडे द्या, असं मी सुचवलं. एका ज्येष्ठ सहकारी मॅडमचा आक्षेप आहे की गुण ठेवले तर मुली गोष्टी रचून लिहितील. लिहितील काही जणी. पण रचायची तरी मुलीला वॉर्डात फिरून कुठे काय बिघडू शकतं ते बघावं लागेल, कठडा हलवून बघावा लागेल, खण उघडून बघावा लागेल. मला तेवढं पुरेसं आहे. मॅडमना ते अजून पटलेलं नाही. पहिल्या वर्षाची बॅच वॉर्डात जाण्याआधी तक्ता छापायचा आहे, आणि पुढच्या बैठकीत मी हा मुद्दा पुन्हा घेणार आहे.